हजाराचा रोल

कुडाळचा छापखाना हजाराच्या खाली छापत नाही.
आमच्या पाच जणांच्या बागा मिळून
यंदा पेट्या भरल्या तीनशे बारा.
हिरवं पान, त्याखाली 'सेंद्रिय',
त्याखाली गटाचा क्रमांक, इतका बारीक
की चष्मा लावूनही बोटाने शोधावा लागतो.
उरली सहाशे अठ्ठ्याऐंशी लेबलं.
ती मी तांदळाच्या डब्यात ठेवली,
खाऱ्या दमट हवेत गोंद सुटू नये म्हणून.

प्रमाणपत्र म्हणजे काय, तर
आम्ही एकमेकांच्या बागेत फिरायचं
आणि एकमेकांसाठी सही करायची.
फेब्रुवारीत मी रुजाय फर्नांडिसच्या बागेत फिरले.
विहिरीवर दोरी बांधलेला कॅन होता,
त्यावरचा लाल त्रिकोण अर्धा खरवडलेला.
"पाण्याक ठेवलंय," तो म्हणाला, "भावान दिल्यान."
मी कॅन हुंगला. विहिरीचाच वास आला.
कल्टारला वास असतो का, मला माहीत नाही.
ते मुळाशी ओततात, ऑगस्टात,
आणि झाड पुढे कितीतरी वर्षं ते विसरत नाही म्हणे.
मी सही केली.
मग तो माझ्याकडे आला,
ठेकेदाराच्या कुंपणाशी उभा राहिला.
पलीकडे पंप चालू होता
आणि वारा आमच्या बाजूला.
रुजायने नाकाला रुमाल लावला
आणि सही केली.

पुण्याहून एका बाईंचा फोन:
"खरंच सेंद्रिय आहे ना? मुलीला आठवा लागलाय."
म्हटलं, या की बघायला, झाडं मोजून दाखवते.
"अहो, यायला वेळ असता
तर लेबल कशाला वाचलं असतं?"
यावर मला अजून उत्तर सुचलेलं नाही.
कुंपणाकडच्या ओळीचे आंबे मात्र
मी त्यांच्या पेटीत घातले नाहीत.
ते वेंगुर्ल्याच्या बाजारात नेले, टोपलीत, बिनलेबलाचे.
मासे विकून उठलेल्या सुंद्रा तांडेलने
एक फळ उचललं, देठाशी नाक नेलं,
"दोन दिस ऱ्हवांदेत," म्हणाली, आणि डझन घेतले.
तिने काही विचारलं नाही.
विचारलं असतं तर सांगितलं असतं.
बहुतेक.

मेच्या अखेरीला कोल्हापूरचा माणूस:
"ताई, लेबलं उरली असतील ना? एकाला चाळीस देतो."
आणि आंबा?
"आंब्याचं तुम्ही नका बघू. आंबा भरपूर आहे."
मी नाही म्हटलं. गटात सांगितलंही.
शबाना हुर्जूक हसली.
केरकरांनी तोंडातल्या तोंडात हिशेब केला,
सत्तावीस हजार पाचशे वीस,
थोडा वेळ माडाकडे बघितलं,
मग म्हणाले, "नाय म्हटलंस ता बरा."

काल तांदूळ काढताना रोल हलका लागला.
मोजलं. सहाशे अडतीस.
एक धाकट्याच्या दप्तरावर सापडलं,
एक मांजराच्या पाठीवर. ती तरी खरी.
बाकीची अठ्ठेचाळीस?
गटाच्या बैठका याच ओटीवर होतात,
स्वयंपाकघराला दार आहे, कडी नाही.
आणि नवरा मागच्या आठवड्यात
काजू घेऊन कोल्हापूरला जाऊन आला.

नूतनीकरणाचा अर्ज पुढ्यात आहे.
कलम नऊ: गटातील कुणी नियम मोडल्याचे आढळले काय?
हो. नाही. दोन चौकोन,
खेटून, आमच्या बागांसारखे.
पेन बाजूला ठेवते. तो जेवायला बसलाय.
भात वाढते, वर कढी.
"भाताला गोंदाचा वास येतो का हो?"
"कसलो वास?" म्हणतो,
आणि मान वर करत नाही.